स्टेअरिंग जड झालं की लगेच पंप बदलू नका
जुन्या डिझेल पिकअपचं पॉवर स्टेअरिंग जड झालं की गॅरेजवाला आधी पंपच बदलायला सांगतो. मला हे पटत नाही. पुढच्या टायरची हवा बघा, मग ऑइलची टाकी. ऑइल कमी असेल तर नुसतं भरून भागत नाही, पाइप कुठे ओला आहे ते शोधा. (घरात ट्रॅक्टरचं आहे म्हणून तेच ओतू नका!) फेस दिसला तर हवा शिरलीय. वळवताना चीं-चीं आवाज येतो? बेल्ट सैल असणार. एकाच बाजूला जड लागत असेल तर स्टेअरिंग बॉक्स तपासून घ्या, पंप दोन्ही बाजूंना सारखाच दाब देतो. बेल्ट ताठ असूनही रेस दिल्यावरच हलकं होत असेल, तर पंपावर संशय घ्या. तोवर माल भरून घाट उतरू नका.