धूळ अडवली, गाळही अडवा

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा बिघडली, तेव्हा महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. सत्तर मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती ३५ फुटांचे पत्रे, राडारोड्यावर ताडपत्री, पाण्याची फवारणी, बाहेर पडणाऱ्या डंपरची चाके धुणे. हे नियम योग्यच आहेत. पण जूनमध्ये पाऊस पडला, की त्याच मातीचा चिखल होतो आणि पत्र्यांखालून वाहत पावसाळी गटारात उतरतो. डंपरची चाके धुतलेले पाणीही गाळ बसू न देता सोडले, तर तिकडेच जाते. हवेसाठी अडवलेली माती आपण पाण्यात सोडतो.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नालेसफाईवर मोठा खर्च होतो. काढलेल्या गाळाच्या वजनावरून वाद होतात. हा गाळ येतो कुठून, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. सगळा गाळ बांधकामांचा नसतो. पण उघड्या खोदाईतून येणारा गाळ उगमापाशीच रोखता येण्याजोगा आहे.

भूखंडावरचे गवत आणि झुडपे काढली, की पावसाचा थेंब थेट मातीवर आदळतो, कण सुटे होतात आणि उतारावरचे पाणी त्यांना घेऊन धावते. जाड वाळू लवकर तळाशी बसते. चिकणमातीचे बारीक कण मात्र कित्येक तास, कधी काही दिवस पाण्यात तरंगत राहतात. म्हणून गटाराच्या तोंडाशी जाळी बसवून भागत नाही. पाणी प्लॉटवरच थोपवून निवळू द्यावे लागते. तळघराच्या खड्ड्यात साचलेले गढूळ पाणी पंपाने सरळ गटारात सोडण्याची पद्धत तर सर्वांत घातक आहे. एका रात्रीत गटाराचा तळ भरून येतो.

डोंगरउतारावर याचे मोल जिवाने चुकवावे लागते. ६ जून २०१३ रोजी कात्रजच्या नव्या बोगद्याजवळ, शिंदेवाडीत, पावसाच्या लोंढ्यात एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेल्या. वरच्या अंगाला डोंगर फोडून पाण्याच्या वाटा बुजवल्या गेल्या होत्या.

माती जागच्या जागी थोपवण्याचे ज्ञान आपल्याला नवे नाही. शेतजमिनीची धूप थांबवण्यासाठी मुंबई प्रांताने १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजना कायदा केला. समतल चर, ताली, दगडी बांध हे शब्द गावोगावी रुजले. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा शाळकरी मुलांनाही पाठ आहे. आपल्या जमिनीतली माती बांधाच्या आत ठेवावी, हे शेतकऱ्याला समजते. शहरात एकरभर जमीन उघडी करणाऱ्या विकासकालाही तेच सांगायला हवे.

केंद्राची २००६ ची पर्यावरण मंजुरीची अधिसूचना साधारणपणे २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकाम प्रकल्पांना लागू होते. शहरातली बहुसंख्य बांधकामे त्याखालची असतात. त्यांच्यावर लक्ष ठेवायला महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतीच आहेत. अमेरिकेत २००३ पासून एक एकर जमीन उघडी करणाऱ्या बांधकामालाही पावसाच्या पाण्यासंबंधीचा परवाना लागतो. त्यामुळे छोट्या बांधकामांना नियम लावणे अशक्य आहे, हे पटणारे नाही.

आपल्याकडे फार काही लागणार नाही. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र देतानाच गाळ रोखण्याचा आराखडा मागावा. भूखंडाच्या खालच्या कडेला चर आणि गाळ बसण्याचा खड्डा असावा, पंपाचे पाणी त्यातूनच बाहेर पडावे. खोदलेल्या मातीचे ढीग रस्त्यापासून आणि नाल्यापासून दूर, झाकलेले असावेत. मोठी खोदाई मे अखेर थांबवावी किंवा काठ पक्के करूनच पुढे न्यावी. बंगला बांधणाऱ्याकडून भलामोठा अहवाल मागू नये; त्याला मुरमाचा ढीग झाकणे आणि फाटकाशी खडीचा थर टाकणे एवढे पुरे.

कागदावरची अट पहिल्याच पावसात वाहून जाऊ शकते. म्हणून पहिल्या जोरदार सरीनंतर प्रभागाच्या अभियंत्याने प्लॉटवर जाऊन पाहावे. भूखंडातून बाहेर पडलेला गाळ उपसण्याचा खर्च विकासकाकडून वसूल करावा, करदात्यांकडून नव्हे. धुळीसाठी पथके नेमणाऱ्या महापालिकांनी हीच पथके जूनमध्येही बांधकामांवर पाठवावीत.