हजेरीपट, टाचण आणि सर्व्हर



आमच्या शाळेत दहा संगणक आहेत. ‘अपडेट करा’ अशी सूचना आली की मुले ‘नंतर’ दाबतात. खरे सांगायचे तर आम्हीही तेच करतो. सुट्टीत पुण्याचा भाचा नायगावला आला होता. कंपनीचे शेकडो सर्व्हर सांभाळणे हे त्याचे काम. बँकेचे खाते असो वा परीक्षेचा निकाल, माहिती जिथून येते ते मोठे संगणक म्हणजे सर्व्हर. आम्ही विचारले, "बेटा, आम्हाला दहा आवरत नाहीत, तू इतके कसे सांभाळतोस?"

तो हसला. "मामू, तुम्ही वर्गात करता तसेच. हजेरीपट आणि टाचण!"

त्याच्या साधनाचे नाव अ‍ॅन्सिबल. मायकल डीहान यांनी ते २०१२ मध्ये तयार केले. एका यादीत सर्व सर्व्हरची नावे असतात. हा झाला हजेरीपट. दुसऱ्या कागदात प्रत्येक सर्व्हर कसा असावा ते ओळीने लिहिलेले असते; हे टाचण. साधन एकेका सर्व्हरशी जोडले जाते, जिथे कमी आहे तिथे भरते आणि जो आधीच ठीक आहे त्याला हात लावत नाही. आधी नुसती तपासणी करता येते. एकदम सगळ्यांवर न जाता थोड्या-थोड्यांवर काम करता येते.

"एवढी सावधगिरी कशाला?" या प्रश्नावर त्याने उरणजवळच्या जेएनपीटी बंदराची हकीकत सांगितली. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला. सुरुवात झाली ती युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तो विंडोजच्या ज्या उणिवेतून पसरत होता, तिची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. अनेकांनी ती ‘नंतर’वर ठेवली होती. पण चोरलेले पासवर्ड वापरून तो दुरुस्त संगणकांतही शिरला. मेर्स्क कंपनीचे संगणक बंद पडले आणि जेएनपीटीतील तिच्या टर्मिनलचे काम कोलमडले. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे तिचे मुख्य सर्व्हर जगभर पुसले गेले होते. वाचला फक्त घानामधला एक, कारण तिथे त्या वेळी वीज गेली होती!

लोडशेडिंगला आम्ही जन्मभर बोल लावला. तिथे तेच कामी आले. पण नशिबावर किती दिवस विसंबणार? टाळलेली दुरुस्ती महागात पडते, आणि डोळे झाकून सगळीकडे एकदम केलेली दुरुस्तीही. म्हणून आधी एकावर करून पाहायचे, मग सर्वांवर. आणि एक प्रत कायम तोडून, वेगळी ठेवायची.

आमच्या संगणकांत मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज आहेत, दाखले आहेत. ही पालकांची अमानत आहे. आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर हजेरी होते: आधी एक संगणक, सोमवारी उरलेले नऊ. नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन, वायर काढून, कपाटात कुलूपबंद.

तुमच्या घरच्या मोबाइलमध्येही अम्मीची औषधाची चिठ्ठी, निकाहचे फोटो, बँकेचे काम असेल. आज रात्री ‘नंतर’ दाबण्याआधी एवढे आठवा.