अपुऱ्या नौकेची किंमत

युद्धनौकेचे जलावतरण झाले की ती बांधून पूर्ण झाली, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः त्या दिवशी पाण्यात उतरतो तो बहुतांशी पोलादी सांगाडा. मुंबईच्या माझगाव गोदीत ‘कोलकाता’ या विनाशिकेचे जलावतरण ३० मार्च २००६ रोजी झाले. नौदलात ती दाखल झाली १६ ऑगस्ट २०१४ रोजी. मधली आठ वर्षे ती अपुरीच होती.

१९९७ साली दाखल झालेल्या ‘दिल्ली’ या नौकेचीच ही सुधारित आवृत्ती. लांबी तीच, १६३ मीटर. चार गॅस टर्बाइनेही त्याच धर्तीची. परंतु पोटातील शस्त्रसामग्री पार बदलली. सोळा ब्राह्मोस आणि विमानवेधी बराक क्षेपणास्त्रे आली. क्षेपणास्त्र म्हणजे डेकवर आणून ठेवण्याची पेटी नव्हे. त्यामागे रडार, वीज, केबली, सारेच नव्याने मांडावे लागते. शिवाय परदेशातून यावयाचे खास पोलादही वेळेवर आले नाही. या वर्गातील तीन नौकांचा खर्च ३,५८० कोटींवरून ११,६६२ कोटींवर गेल्याचे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१०-११ च्या अहवालात नमूद केले.

तंत्रज्ञान कोणासाठी थांबत नाही, जुन्या शस्त्रांची नवी नौका काय कामाची, हा नौदलाचा युक्तिवाद पोकळ नाही. प्रश्न आहे तो बदलाचा भार कोणी सोसावा हा. झालेला खर्च अधिक ठरावीक नफा या पद्धतीने मोबदला मिळणाऱ्या गोदीचे फेरफारामुळे काही बिघडत नाही. नौदलाला तर अधिक चांगली नौका मिळते. उरतो सरकारी खजिना, आणि त्याला मध्येच हात आखडता घेता येत नाही, कारण अर्धवट नौकेला भंगारापलीकडे बाजार नसतो. अर्थशास्त्रात ज्याला बुडीत खर्च म्हणतात, तोच येथे पुढील खर्चाचे समर्थन होऊन बसतो.

आमच्या कोल्हापूरच्या फौंड्रीतील कारागीर साचा पक्का झाल्यावाचून रस ओतीत नाही. युद्धनौकेला हा नियम तंतोतंत लावता येणार नाही, हे मान्य. तथापि पहिल्या नौकेचा आराखडा एका ठरलेल्या तारखेला गोठवावा, नंतर सुचलेल्या सुधारणा पुढील नौकेसाठी राखाव्यात, आणि त्यातूनही फेरफार अपरिहार्यच असेल तर त्याचा खर्च काम सुरू होण्यापूर्वी संसदेपुढे मांडावा, एवढे बंधन घालण्यास अडचण कोणती?