परवलीचा शब्द

गेल्या नोव्हेंबरात साताऱ्यास मावशीकडे गेलो, तेव्हा टपाल खात्यात बत्तीस वर्षे इमानेइतबारे नोकरी करून निवृत्त झालेली, सबंध कारकिर्दीत जिच्या हातून एकही रजिस्टर पत्र गहाळ झाले नाही अशी ती पंचाहत्तरीची बाई आपल्या मोबाइलपुढे एखाद्या अपराध्यासारखी बसलेली मला आढळली. निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून दरसाल द्यावयाचा हयातीचा दाखला, २०१४ साली केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ योजना सुरू केल्यापासून, कचेरीत खेटे न घालता देता येतो, आणि अलीकडे तर फोनच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा धरला तरी पुरते. परंतु त्यासाठी फोनला इंटरनेट लागते, आणि घरात महिन्याचे पैसे मोजून घेतलेले वाय-फाय असूनही तिचा फोन चार दिवस त्याला जोडला जात नव्हता. “अरे, माझ्याच हातून काहीतरी बिघडलंय. सारखा पासवर्ड चूक म्हणतोय,” ती म्हणाली, आणि त्या बोलण्यातला संकोच ऐकून मला जे वाईट वाटले ते अद्याप गेलेले नाही.

तिच्या हातून काहीही बिघडले नव्हते. चार दिवसांपूर्वी जुना राउटर काढून नवा बसवण्यास आलेल्या माणसाने नव्या यंत्रास जुन्याचेच नाव दिले, पासवर्ड मात्र निराळा ठेवला, आणि तो यंत्राच्या बुडाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर आहे एवढेही न सांगता तो पुढच्या घरी निघून गेला. फोनने ओळखीचे नाव पाहून आपल्यापाशी साठवलेला जुना पासवर्ड पुढे केला, आणि राउटरने तो मानला नाही. वाय-फायच्या यादीतील त्या नावावर बोट दाबून फोनला ते नेटवर्क विसरावयास लावायचे आणि नव्याने जोडताना नवा पासवर्ड घालायचा, एवढाच यावर इलाज होता, आणि तो दोन मिनिटांत झाला असता. हे दोन मिनिटांचे ज्ञान तिला कोणी दिले नाही, कारण ते तिला देण्याजोगे आहे असेच कोणास वाटले नाही. अडले तर कोणीतरी जोडून देईल, अशी आपली सर्वांची समजूत. या समजुतीविरुद्ध मला लिहावयाचे आहे. पैसे ज्याचे, घर ज्याचे, गरज ज्याची, त्यालाच आपल्या दाराची किल्ली कशी फिरते ते ठाऊक नसावे, ही स्थिती मला अन्यायाची वाटते; आणि वृद्ध माणसाच्या हातून फोन काढून घेऊन, त्यावर झरझर बोटे फिरवून, ‘झालं’ म्हणून तो परत देणे यास मी साहाय्य मानीत नाही.

त्या दुपारी आम्ही दोघे दाखल्याचे काम बाजूस ठेवून हा विषय मुळापासून समजावून घेत बसलो, आणि तिच्या टपाल खात्यातील अनुभवाने मलाच कित्येक गोष्टी अधिक स्पष्ट झाल्या. पासवर्डास आपल्याकडे परवलीचा शब्द म्हणतात. पहाऱ्यावरील शिपायास तो उच्चारून सांगावा लागे, आणि म्हणून अंधारात कान देऊन उभ्या असलेल्या तिऱ्हाइताच्याही तो कानी पडण्याचे भय असे. वाय-फायमध्ये हे भय टाळण्यासाठी जी युक्ती योजली आहे ती मला फार सुंदर वाटते: फोन परवलीचा शब्द राउटरकडे कधी पाठवतच नाही. आज घरोघरी रूढ असलेल्या पद्धतीत तो शब्द आणि नेटवर्कचे नाव ही एकत्र घेऊन, त्यांवर एका ठराविक गणिती क्रियेची ४०९६ आवर्तने करून, फोन एक लांबलचक गुप्त संख्या सिद्ध करतो; राउटरनेही आपल्याकडील शब्दावरून तीच सिद्ध केलेली असते; आणि मग चार संदेशांच्या देवघेवीत, ती संख्या कोणीही न उच्चारता, ती आपणापाशी आहे याची दोघेही परस्परांस खातरजमा करून देतात. शब्दातले एक अक्षर लहानाचे मोठे झाले तरी संख्या समूळ पालटते, म्हणून येथे ‘जवळपास बरोबर’ असे काही संभवत नाही.

याच रचनेतून आणखी एक परिणाम निघतो, आणि तो ठाऊक नसल्यामुळे माणसे विनाकारण स्वतःस दोष देत बसतात. जुळणी न झाल्यास राउटर ‘शब्द चुकला’ असा निरोप देत नाही; तो पुढचा संदेशच पाठवत नाही, आणि फोनला त्या मौनावरून तर्क करावा लागतो. परिणामी, कधी कधी शब्द अचूक असूनही केवळ अंतरामुळे किंवा मधल्या जाड भिंतीमुळे संदेश वाटेत हरवतो आणि फोन पासवर्ड चुकल्याचे सांगतो. तेव्हा फोनने चूक म्हटले म्हणजे चूक आपलीच, असे धरून चालू नये. राउटरच्या जवळ जाऊन एकदा पुन्हा प्रयत्न करावा, आणि मग शहानिशा करावी.

आता त्या शब्दाच्या लेखनाविषयी. मावशीच्या यंत्राखालील चिठ्ठीत ते शून्य होते की रोमन ‘ओ’, तो ‘एल’ होता की एकचा आकडा, हे भिंग धरूनही मला प्रथम कळले नाही. तिच्या फोनचा कीबोर्ड मराठीत होता, तो आधी इंग्रजीत आणावा लागला; तो आणल्यावर पहिले अक्षर आपोआप मोठे होत होते, आणि एकदा तर शब्दाच्या शेवटी एक कोरी जागा पडली होती, जी डोळ्यांस दिसत नाही पण गणितास दिसते. पासवर्डाच्या चौकटीशेजारी डोळ्याचे एक चिन्ह असते. ते दाबले की टिंबांऐवजी अक्षरे दिसू लागतात. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खोलीत बसून ही अक्षरे टिंबांआड लपवण्याचे कारणच काय? आयुष्यभर देवनागरीत लिहिलेल्या माणसास टिंबे पाहत रोमन लिपीतील गिचमिड अक्षरे टंकावयास लावणे ही मला त्याची हेळसांड वाटते, आणि बसवणाऱ्या माणसाने मनात आणले तर ती सहज टळण्याजोगी आहे. हा शब्द आठ अक्षरांपासून त्रेसष्ट अक्षरांपर्यंत लांब असू शकतो. मग आकडे, चिन्हे, लहानमोठी अक्षरे यांची मिसळ करण्यापेक्षा परस्परांशी संबंध नसलेले चारपाच साधे मराठी शब्द लहान रोमन अक्षरांत सलग लिहिले, तर आजीस ते पाठ राहतील, फोनवरून मुलीस सांगता येतील, आणि तर्काने ओळखावयास मात्र ते त्या मिसळीहून सोपे नसतील.

या कटकटीस कंटाळून काही लोक पासवर्डच काढून टाकतात. तसे करू नये, असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्याचे कारण महाराष्ट्रास तरी परके नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्यांच्या काही मिनिटे आधी धमकीचा ई-मेल गेला तो नवी मुंबईत सानपाडा येथील एका घरच्या उघड्या वाय-फायवरून. आणि पुढच्या दोन महिन्यांत तशाच प्रकारे माटुंगा व चेंबूर येथील कुलूप नसलेल्या नेटवर्कांचा दुरुपयोग झाला. ज्यांचा या कृत्याशी काडीचाही संबंध नव्हता त्यांच्या दारी पोलीस आले. २००९ साली मुंबई पोलिसांनी अशी उघडी नेटवर्के हुडकण्याची मोहीम काढली ती यामुळेच. मावशीने ही हकिकत ऐकून घेतली आणि म्हणाली, “म्हणजे आपला शिक्का टेबलावर उघडा टाकून चहाला जाण्यासारखं.” ज्याने टपाल कचेरीत तारखेचा शिक्का सांभाळला आहे त्यालाच ही उपमा सुचावी. पाहुण्यांस नेटवर्क द्यावे, जरूर द्यावे. त्यासाठी बहुतेक राउटरांत पाहुण्यांचे वेगळे नेटवर्क उघडण्याची सोय असते, आणि तिचा निराळा पासवर्ड पाहुणे गेल्यावर बदलता येतो.

कुलुपाच्या प्रकाराविषयी थोडक्यात सांगतो. १९९७ साली वाय-फायच्या पहिल्या मानकाबरोबर आलेले कुलूप २००१ पर्यंत संशोधकांनी निकामी ठरवले. पुढे २००४ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-टू ही पद्धत आजही सर्वत्र चालते, आणि २०१८ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती, डब्ल्यूपीए-थ्री, आली. नवा राउटर केवळ या शेवटच्या पद्धतीवर ठेवला, तर जुना फोन शब्द अचूक असूनही आत शिरू शकत नाही. अशा वेळी फोन टाकून देण्याची आवश्यकता नसते. राउटरला दोन्ही पद्धती मान्य करावयास सांगितले की काम भागते.

शब्द मान्य झाला म्हणजे सर्व झाले असे नाही. त्यानंतर राउटर फोनला त्या घरातील एक पत्ता नेमून देतो, आणि तो ठराविक मुदतीसाठी असतो. हे सांगू लागलो तेव्हा मावशीने मला मध्येच थांबवून विचारले, “पत्ताच नसेल तर टपाल येणार कुठे?” खरोखर तेवढेच आहे. पत्ता मिळवण्याच्या टप्प्यावर फोन घुटमळत राहिला, तर बहुधा फोनचे वाय-फाय बंद करून पुन्हा चालू केल्याने, नाहीतर राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा चालू केल्याने काम होते. मंगल कार्यालयात किंवा भरगच्च वाचनालयात मात्र वाटावयाचे पत्तेच संपलेले असू शकतात, आणि तेथे आपल्या फोनशी कितीही झटापट केली तरी उपयोग नसतो.

आणि पत्ता मिळाला, फोन ‘जोडला आहे’ म्हणतो, पण ‘इंटरनेट नाही’ असेही म्हणतो, तेव्हा? लोकांचा सर्वांत अधिक घोटाळा होतो तो येथे, आणि तो होण्याचे कारण असे की वाय-फाय आणि इंटरनेट हे दोन्ही शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. फोनपासून राउटरपर्यंतची वाट निराळी आणि राउटरपासून बाहेरच्या जगाकडे जाणारी वाट निराळी. गावातल्या टपाल कचेरीत पत्र पडले, पण बाहेर जाणारी गाडीच आली नाही, तर दोष पत्र टाकणाऱ्याचा नसतो. काचतंतूच्या जोडणीत भिंतीवरच्या डबीवर एक लहानसा दिवा असतो. बाहेरून प्रकाश येणे थांबले की तो लाल होतो. तो लाल असताना पासवर्ड पुन्हा पुन्हा घालीत बसणे, नेटवर्क विसरवणे, फोन दुकानात नेणे, हा सर्व श्रम वाया जातो. त्या दिव्याकडे पाहावयास शिकवणे हे मला पासवर्ड शिकवण्याहूनही महत्त्वाचे वाटते.

अनेक राउटर एकाच घरात दोन नेटवर्के दाखवतात, एक २.४ गिगाहर्ट्‌झचे आणि दुसरे ५ गिगाहर्ट्‌झचे. पहिले दूरवर पोचते पण मंद असते, आणि चालू मायक्रोवेव्ह ओव्हनचा त्यास उपद्रव होतो, कारण तोही त्याच लहरींवर चालतो. दुसरे वेगवान असते, पण साताऱ्याच्या जुन्या घरांतील दोन हात जाडीच्या भिंतीपुढे टिकत नाही. मावशीच्या माजघरास पहिले बरे, बाहेरच्या खोलीस दुसरे.

सार्वजनिक ठिकाणची गोष्ट वेगळी, आणि तेथे माझी तक्रार अधिक कडक आहे. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल व गूगल यांनी विनामूल्य वाय-फाय सुरू केले, आणि पुढे ती सोय शेकडो स्थानकांवर गेली. हे लोकहिताचे काम झाले यात शंका नाही. तेथे परवलीचा शब्द नसतो. जोडल्यावर एक पान उघडते, मोबाइल क्रमांक मागते, आणि त्या क्रमांकावर आलेला ओटीपी घातल्यावर परवाना मिळतो. परंतु ज्याच्या सिमकार्डाची मुदत संपून संदेश येणे थांबले आहे, किंवा जो परदेशातून येऊन नुकताच उतरला असल्याने ज्यापाशी येथला क्रमांकच नाही, त्यास वाय-फायची गरज सर्वांत अधिक आणि नेमका त्यालाच मज्जाव! सुरक्षिततेसाठी ओळख पटवणे आवश्यक आहे हे २००८ चा अनुभव असलेल्या कोणासही मान्यच असेल, पण ज्यास संदेश मिळत नाही त्याने ओळख कशी पटवावी, याचाही बंदोबस्त त्याच ठिकाणी, एखाद्या खिडकीवर तरी, असावयास हवा.

सेवा देणाऱ्यांकडूनही माझी मागणी मोठी नाही. जोडणी पुरी झाल्यावर घरातील सर्वांत वडील माणसाच्या हाती त्याचाच फोन देऊन, त्याच्याकडूनच एकदा नेटवर्क विसरवून पुन्हा जोडून घ्यावे, आणि नेटवर्कचे नाव, पासवर्ड व तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लिहिलेला कागद मागे ठेवावा. यास दहा मिनिटे लागतात. कागदावर पासवर्ड लिहू नये असे सांगणारे लोक कचेऱ्यांचा विचार करीत असतात. घराच्या कपाटाच्या आतल्या बाजूस लावलेला कागद वाचू शकणारा माणूस मुळात घरात आलेला असतो.

त्या दुपारी मावशीने तसा कागद स्वतः लिहिला. प्रत्येक रोमन अक्षराखाली देवनागरीत त्याचा उच्चार, मोठ्या अक्षराखाली एक रेघ, शून्यावर एक तिरपी काट, असे मनीऑर्डरच्या फॉर्मावर लिहावे तशा टापटिपीने लिहिले. मग नेटवर्क विसरवून तीन वेळा जोडून पाहिले, आणि तिसऱ्या वेळी माझ्याकडे न पाहता जोडले. हयातीचा दाखला संध्याकाळी गेला.

या जुलैत तिच्या गल्लीत रस्ता खणला गेला आणि इंटरनेट पुन्हा बंद पडले. शेजाऱ्यांपैकी कोणी राउटर बदलून मागितला, कोणी फोन दुरुस्तीस नेला. मावशीने तक्रारीचा क्रमांक फिरवला आणि सांगितले, “पासवर्ड बरोबर आहे, फोन जोडलेला आहे, भिंतीवरच्या डबीचा दिवा लाल आहे. रस्त्यातली तार पाहायला माणूस पाठवा.” पलीकडच्या मुलाने नेहमीचे प्रश्न विचारलेच नाहीत. माणूस चार वाजता आला.