चित्रकलेचा हात घडवावा लागतो

संध्याकाळी पाळी सुटली की चाकणच्या तळेगाव चौकात कंपन्यांच्या बस एकामागे एक अडकून उभ्या राहतात. खिडकीला टेकलेली डोकी मोबाइलमध्ये असतात. त्यातल्या कित्येकांनी शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमीजिएट परीक्षा दिलेली असते. कुणाला ‘ए’ ग्रेडही मिळालेली असते. आता चित्र काढता का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : ‘छे, हात गेला आता. आणि तो मुळात उपजतच असावा लागतो.’

या एका उत्तरात दोन दावे आहेत आणि ते एकमेकांना खोडतात. वापर थांबल्यानं जो हात गेला, तो वापरानंच आलेला होता. जन्मानं मिळालेली देणगी नोकरी लागल्याबरोबर अशी नाहीशी झाली नसती.

या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं : रोज ठरवून केलेल्या अभ्यासचित्रांनी प्रौढ माणसाचंही रेखाटन आणि रंगकाम सुधारतं. पिंपरी-चिंचवड ते चाकण हा कारखान्यांचा पट्टा त्याच्या आड येत नाही. सराव कसा करायचा हे इथल्या कामगाराला इतरांपेक्षा अधिक नेमकं ठाऊक आहे. याविरुद्ध जे आक्षेप नेहमी घेतले जातात, त्यांचा समाचार आधी घ्यायला हवा.

पहिला आक्षेप देणगीचा. माणसामाणसांत फरक असतो, हे नाकारण्याचं कारण नाही. एखाद्या मुलाची रेघ पहिल्या दिवसापासून डौलदार असते. पण आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गात पहिल्या महिन्यांत काय चालतं ते पाहावं. पोरगा लोखंडाच्या तुकड्यावर काणस चालवतो, गुण्या लावतो, तुकडा उजेडाकडे धरून फट दिसते का पाहतो आणि पुन्हा काणस चालवतो. काणस चालवणं रक्तातच असावं लागतं, असं तिथला कुठलाही निदेशक म्हणत नाही. पृष्ठभाग सपाट झाला की नाही, हे गुण्या सांगतो. चूक दिसते, म्हणून ती सुधारता येते.

चित्रात नेमकं हेच घडतं. ‘माझा हात चालत नाही’ असं लोक म्हणतात, पण दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो. माणसं समोर दिसतं ते हुबेहूब का काढू शकत नाहीत, या प्रश्नावर कोहेन आणि बेनेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचं संशोधन 1997 मध्ये प्रसिद्ध झालं. चुकांचं मोठं कारण हाताच्या हालचालीत नसून वस्तूकडे चुकीचं पाहण्यात आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. स्वतःची सही सफाईनं करणाऱ्या माणसाचा हात पुरेसा चालतो. कपाची कड थोडं वरून पाहताना लंबवर्तुळ दिसते. पण कप गोल असतो हे डोक्यात पक्कं असल्यामुळे तोच माणूस ती हवी त्यापेक्षा जास्त गोल काढतो. ही सवय मोडायची तर डोळ्याला रोज गुण्या लावावा लागतो.

दुसरा आक्षेप थोडा अभ्यासू आहे. ‘दहा हजार तासांच्या सरावानं कुणीही निष्णात होतो, हा सिद्धांत खोटा ठरला ना?’ असं विचारलं जातं. तो सरसकट नियम म्हणून खोटाच होता. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये बर्लिनच्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास मांडला. त्यातली सरासरी उचलून माल्कम ग्लॅडवेल यांनी 2008 मध्ये तिचा लोकप्रिय नियम केला आणि एरिक्सन यांनीच त्याला हरकत घेतली. पुढे 2014 मध्ये मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशोब केला. संगीतात माणसामाणसांच्या कौशल्यात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे 21 टक्के फरक सरावानं उलगडतो, असं त्यात निघालं.

हा आकडा सरावाविरुद्ध वापरणारे प्रश्नच बदलतात. दोन माणसांत फरक का, हा त्या संशोधनाचा विषय आहे. एकाच माणसाचं आजचं चित्र आणि वर्षानंतरचं चित्र यांत फरक पडेल का, हा आपला विषय आहे. शेजाऱ्याइतकं चांगलं काढता येईल याची हमी कुणी देऊ शकत नाही. कालच्यापेक्षा चांगलं काढता येतं, हे मात्र तारखा घातलेली कुठलीही स्केचबुक उघडून पाहता येतं.

तिसरा आक्षेप खुद्द कलाप्रेमींकडून येतो : रोजच्या घोकंपट्टीनं चित्र यांत्रिक होतं, नक्कल करून स्वतःचं काही उरत नाही. या आक्षेपात अर्धं सत्य आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. ग्रेड परीक्षेसाठी ‘बसस्टॉप’ किंवा ‘भाजी मंडई’ हे एकच स्मरणचित्र पाठ करून घेतलं जातं. मूल तेच झाड, तीच टोपलीवाली बाई, तोच छत्रीवाला माणूस पन्नास वेळा उतरवतं. त्यानं नजर वाढत नाही, कारण त्यात पाहणंच नसतं. ही घोकंपट्टी निंद्यच आहे. पण ती पाहून अभ्यासचित्रालाच दोष देणं म्हणजे गाईडं वाईट म्हणून वाचनच बंद करण्यासारखं आहे.

नकलेचं म्हणाल, तर महाराष्ट्रातल्या आधुनिक चित्रकलेची एक मोठी तालीम नक्कल करण्यातच झाली. मुंबईचं जे. जे. स्कूल 1857 मध्ये सुरू झालं. तिथले जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी 1872 ते 1885 या काळात अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. त्यांच्यापैकी पेस्तनजी बोमनजी पुढे नामवंत व्यक्तिचित्रकार झाले. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर याच संस्थेत विद्यार्थी म्हणून आले, शिक्षक झाले आणि तिथल्या दिवसांवर त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन लिहिलं. रस्त्यावरची, बाजारातली, सणासमारंभातली माणसं त्यांनी अगणित रेखाटनांत टिपली. त्यांच्या मोठ्या प्रसंगचित्रांतली गर्दी जिवंत वाटते, कारण तिच्यातला एकेक माणूस आधी वहीत उभा राहिलेला होता.

परदेशातला दाखला तर डोळ्यांत भरण्यासारखा आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यानं चित्रकार व्हायचं 1880 मध्ये ठरवलं, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. शार्ल बार्ग यांचे रेखाटनाचे छापील धडे समोर ठेवून त्यानं ते पुन्हा पुन्हा उतरवले. दहा वर्षांनी, आयुष्याच्या शेवटच्या उन्हाळ्यात, स्वतःची शैली पूर्ण बहरात असताना त्यानं भावाकडे तेच धडे पुन्हा मागितले. बार्ग यांच्या कागदांनी त्याची सूर्यफुलं मारली नाहीत.

तो हे धडे जिथं गिरवायला बसला, ते ठिकाण चौथ्या आक्षेपाचं उत्तर आहे. ‘आमच्या भागात काढण्यासारखं आहे काय? शेड, कंटेनर आणि धूळ,’ असं भोसरी-तळवड्यात सर्रास ऐकू येतं. व्हॅन गॉगची सुरुवात बेल्जियमच्या बोरिनाज भागात झाली. तो कोळशाच्या खाणींचा पट्टा होता आणि त्यानं काढली ती खाणीकडे जाणारी, पोती वाहणारी माणसं.

आपल्याकडे विषयांची वानवा नाही. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग एमआयडीसी आली, मोटारींचे कारखाने आले. त्यांच्या भिंतींपलीकडे जुनं गाव अजून आहे. चिंचवडला पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी आणि घाट आहे. चाकणला संग्रामदुर्गाचे उरलेले बुरूज आहेत, बाजारात कांद्याची पोती आहेत. निगडीला भक्ती-शक्तीचं शिल्प आहे. लोणावळा लोकलमध्ये तर समोरच्या बाकावर झोपलेला माणूस फुकटचा मॉडेल असतो, आणि देहूरोडपासून तळेगावपर्यंत तो हलतही नाही. पुण्याचे मिलिंद मुळीक यांनी अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं आणि जलरंगात नाव मिळवलं. साध्या गल्ल्या, पावसातले रस्ते, जुन्या घरांवरचं ऊन हे त्यांचे विषय आहेत.

वेळेचं रडगाणंही टिकत नाही. अभ्यासचित्राला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. नाशिक रस्त्यावरच्या कोंडीत त्याहून जास्त जातात.

शेवटचा आक्षेप यंत्राचा : कॅमेरा आहे, आता तर संगणक सांगाल ते चित्र काढून देतो, मग हात कशाला झिजवायचा? लोणावळ्याच्या अलीकडच्या मळवली स्टेशनावर उतरणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असावी. राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत 1894 मध्ये सुरू झाला आणि काही वर्षांनी मळवलीला हलला. यंत्रावर छापलेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं तिथून घराघरांत गेली. पण त्या छपाईसाठी दगडावर प्रत्येक रंगाची आकृती कुणाला तरी हातानं उतरवावी लागे. प्रती यंत्र काढत होतं; आकार आणि रंगाचा निर्णय माणसाच्या डोळ्याचा होता. आज संगणकानं दिलेल्या चित्रात मनगट चुकीचं वळलंय किंवा सावली उलट्या बाजूला पडलीय, हे ओळखायलाही तोच डोळा लागतो. शिवाय चालायला शिकलेला माणूस गाडी आली म्हणून पाय बांधून ठेवत नाही. चित्र काढताना जे पाहणं घडतं, ते दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही.

आता मंडनाचा भाग. अभ्यासचित्र म्हणजे पूर्ण चित्र नव्हे. एका वेळी एकच प्रश्न सोडवण्यासाठी केलेलं काम म्हणजे अभ्यासचित्र. कारखान्यातल्या कायझनच्या (सततच्या सुधारणेच्या) बैठकीत जसा एकच दोष टेबलावर घेतात, तसं.

चाकणचा एक कांदा घ्यावा आणि महिनाभर सोडू नये. पहिल्या आठवड्यात फक्त बाह्यरेषा : कांद्याची उंची रुंदीच्या किती पट आहे, मान कुठे कलली आहे, हे हात लांब करून पेन्सिलीनं मोजावं. कांद्याभोवतीच्या रिकाम्या जागेचाही आकार काढून पाहावा. चूक तिथं चटकन पकडली जाते. दुसऱ्या आठवड्यात रेषा सोडून छायाप्रकाश. कागदाच्या पांढऱ्यापासून 6बी पेन्सिलीच्या काळ्यापर्यंत पाचच छटा ठरवाव्यात आणि प्रत्येक भाग त्यांपैकी एका छटेत बसवावा. टेबलावरून परत आलेला उजेड कांद्याच्या तळाशी दिसतो, पण तो उजळ भागाइतका कधीच उजळ नसतो. हे बहुतेकांना इथं पहिल्यांदा कळतं. तिसऱ्या आठवड्यात जलरंग, तेही दोनच : एक उष्ण, एक शीत. पहिला वॉश (रंगाचा पातळ थर) पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा लावायचा नाही, एवढा संयम शिकला तरी आठवडा सार्थकी लागतो. चौथ्या आठवड्यात कांदा कपाटात ठेवून आठवून काढावा आणि मग बाहेर आणून ताडून पाहावा. स्मरणचित्र या शब्दाचा खरा अर्थ तो आहे.

काम करताना पाहायचं कसं, याबद्दलही कोहेन यांच्याच 2005 च्या संशोधनात एक उपयोगी गोष्ट सापडते. वस्तू आणि कागद यांच्यामध्ये नजर जितकी वारंवार फिरते, तितकं रेखाटन अचूक होतं. एकदा टक लावून पाहून मग दहा मिनिटं कागदात मान घालण्यापेक्षा थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पाहावं. खोडरबर दूर ठेवावा. चुकलेली रेघ राहू द्यावी आणि तिच्या शेजारी बरोबर रेघ मारावी. पानावर तारीख घालावी आणि आज काय चुकलं ते एका ओळीत लिहावं. पान फाडू नये.

या पट्ट्यातल्या चित्रकला शिक्षकांना एक विनंती आहे. पाठ केलेलं स्मरणचित्र तपासणं थांबवा आणि मुलांकडून वर्षभराची, तारखा घातलेली स्केचबुक मागा. गुण द्यायचेच असतील तर जूनमधलं पान आणि मार्चमधलं पान शेजारी ठेवून द्या. आणि ज्यांची शाळा सुटून वीस वर्षं झाली, त्यांनी कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख टाकून घरातला एक कांदा काढावा. ते पान वाईट निघालं तरी जपून ठेवा. वर्षानं तुलना करायला तेच लागणार आहे.