देश पाहावा, पण एका धाग्याने!

दिवाळी आली की घरोघरी नकाशे उलगडतात. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची सारी वनश्री महिन्याभरात पाहून टाकायची, असा बेत ठरतो. आणि मंडळी पाहतात काय? तर स्टेशने, सामान आणि घड्याळ! रजा संपते, शिल्लक संपते; देश पाहायचा राहूनच जातो.

त्यापेक्षा एकच धागा हाती धरावा. आमच्या सावनेरहून तो पाण्याचा धरता येतो. पांढुर्ण्यावरून मुलताईला जावे. तिथे उगम पावणारी तापी ७२४ किलोमीटर धावून अरबी समुद्र गाठते. त्याच तालुक्यात जन्मलेल्या वर्धेचे पाणी मात्र गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते. एका पठारावरचा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो! पुढे पचमढीला १,३५० मीटर उंचीचा, साऱ्या सातपुड्याचा माथा असलेला धूपगड पाहावा, भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहावेत, आणि शेवटी अमरकंटक गाठावे. तिथून नर्मदा पश्चिमेला निघते, तर शोण गंगेकडे वळतो.

मुक्काम मोजके असावेत, पण प्रत्येक ठिकाणी दोन रात्री राहावे. नोव्हेंबर उत्तम. ओढे वाहते असतात आणि पावसाळ्यात बंद असलेली पेंचसारखी जंगलेही उघडलेली असतात.

पुढल्या वर्षी सह्याद्री, त्यापुढे ब्रह्मपुत्रा. मात्र वाचकहो, 'निवृत्तीनंतर पाहू' एवढे म्हणू नका. धूपगडाची चढण गुडघे शाबूत आहेत तोवरच चढलेली बरी!