कांदा, द्राक्षं आणि आग्रह

नाशिककरांच्या घरात कांदा बारमाही, आणि जानेवारी ते एप्रिल द्राक्षंही. दोन्हींचा आम्हाला कोण अभिमान! लासलगावच्या बाजाराचे आकडे आम्ही घरचे असल्यासारखे सांगतो आणि पाहुणा निघाला की त्याच्या पिशवीत द्राक्षांचा घड कोंबतो. पण घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की नेमक्या याच दोन गोष्टी वरच्या फळीवर चढतात. कांदा कच्चा असो, फोडणीत असो की मसाल्यात, त्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पुरतो, म्हणजे दोन किलोच्या पिल्लाला अर्धा कांदा झाला. लसूण त्याहून कडक. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडावर जातात. कुणाला चार दाण्यांनी काही होत नाही, कुणाला तेवढ्यानंच सलाइन लागतं, म्हणून 'एवढ्यानं काय होतंय' हे वाक्य इथं चालत नाही.

आमचा बंड्या ऐन द्राक्षांच्या दिवसांत दिंडोरीकडच्या एका मळ्यावरून आला. जात गावठी, रंग मातीचा, कान एक उभा एक पडका. मळेकऱ्यांनी दोन महिने पुरे होईपर्यंत दिला नाही, आणि ते त्यांचं फार शहाणपणाचं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७च्या केंद्राच्या नियमांनी बंदी आहे. फुकट आणलेल्या पिल्लाचंही पोट आणि स्वभाव वेगळे नसतात. किती जोरात चावलं तर समोरचा किंचाळतो, हे त्याला भावंडंच शिकवतात. ती शाळा बुडाली की पुढं आपल्या पायांची चाळण होते.

बंड्या आला तशी बिल्डिंग लोटली, आणि रिकाम्या हातानं कुणी आलं नाही. वॉचमनदादांनी वाटीभर दूध आणलं. मुलांनी ग्लुकोजची बिस्किटं. वरच्या काकू सत्यनारायणाचा शिरा घेऊन आल्या, वर बेदाणे पेरलेले.

"अगं, प्रसादाला नाही म्हणू नये."

"काकू, मी खाते ना त्याच्या वाटचा!"

प्रसाद मी खाल्ला. पण खरी अडचण बेदाण्याची नव्हती, आग्रहाची होती. आपल्याकडे माया ताटात वाढतात. 'अजून एक घ्या' म्हटल्याशिवाय पंगत झाल्यासारखी वाटत नाही. माणूस पोटावर हात ठेवून नको म्हणतो. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणत नाही. पुढ्यात येईल ते गिळतं आणि रात्री दोनला त्याची हगवण घरभर होते. नव्या घरी आलेलं पिल्लू उपासमारीनं आजारी पडल्याचं मी क्वचितच ऐकलंय. लाडानं पडलेली पुष्कळ पाहिली आहेत.

दुधाचंच घ्या. पिल्लू म्हणजे दूध, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त स्निग्धांश आणि प्रथिनं असतात, आणि दुधातली साखर मात्र कमी. त्यातच पिल्लू आईचं दूध सोडायला लागलं की ती साखर पचवणारं विकर त्याच्या आतड्यात कमी होत जातं. मग न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि सगळं पातळ होऊन बाहेर येतं. एवढ्याशा जिवाला जुलाबातून शोष पडायला वेळ लागत नाही. प्यायला पाणी ठेवावं, ते मात्र दिवसभर.

मग द्यायचं काय? पहिले काही दिवस, जिथून आणलं तिथं ते जे खात होतं तेच. बंड्या मळ्यावर बाजरीची भाकरी पाण्यात कुस्करून खायचा. तीच चालू ठेवली आणि आठवडा-दहा दिवसांत थोडं थोडं करत पिल्लांच्या तयार खाद्यावर आणलं. भाकरीला नाकं मुरडणाऱ्यांसाठी सांगते: स्वीडनच्या संशोधकांनी २०१३ साली 'नेचर'मध्ये दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. शेतकऱ्याच्या उंबऱ्यावर राहून कुत्र्यानं कमावलेली ही गोष्ट आहे. पण पचणं वेगळं आणि पुरणं वेगळं. वाढत्या हाडांना प्रथिनं हवीत, कॅल्शियम आणि फॉस्फरस ठरावीक प्रमाणात हवेत, आणि ते नुसत्या भाकरीत नाही, चिकन-भातातही नाही. मनानंच कॅल्शियमचं औषध पाजणंही नको. जास्तीचं कॅल्शियम, विशेषतः मोठ्या जातीच्या पिल्लांत, हाडं बिघडवतं. पाकिटातले कोरडे दाणे मला स्वतःला आवडत नाहीत. वासही नाही आणि किंमतही नाही. तरी वाढीचे महिने त्यांच्यावर काढावेत, किंवा घरचंच द्यायचं तर पशुवैद्याकडून प्रमाण लिहून घ्यावं, असं माझं मत आहे. शिजवलेलं हाड मात्र कधीच नाही, ते फुटून त्याच्या अणकुच्या होतात.

चार महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढं दोनदा. दाणे कोमट पाण्यात भिजवून, रोज त्याच जागी, त्याच वेळेला. पंधरा-वीस मिनिटांत खाल्लं नाही तर वाडगं उचलायचं. इथं आमच्या सासूबाई अडल्या. "लेकरापुढचं ताट उचलतात का कुणी?" प्रश्न बिनतोड होता. मी त्यांनाच अन्नखात्याचं मंत्रिपद देऊन टाकलं: वाडगं त्याच भरतील, त्याच उचलतील, दुसरं कुणी घास घालायचा नाही. त्या दिवसापासून घरात कुणाची बिस्किटाला हात लावायची छाती झाली नाही. वेळा ठरल्या की शीचीही वेळ ठरते. खाऊन उठलं, झोपून उठलं, खेळून थांबलं की पिल्लाला उचलून ठरल्या जागी न्यायचं. फरशीवर झालेल्या शूला ओरडून काही उपयोग नाही. ते एवढंच शिकतं की तुमच्या देखत करायचं नाही, सोफ्यामागं करायचं.

पहिल्या रात्री ते रडतं, कारण आजवर ते एकटं झोपलेलंच नसतं. बाल्कनीत कोंडून 'सवय होईल' म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. आपल्या पलंगाशेजारी खोकं, त्यात आईच्या अंगाखालचं फडकं, बस्स. फडकं मळ्यावरूनच मागून घ्यावं.

लसींच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांना. जंताचं औषध त्याच्याही आधीपासून. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि आपल्या चपलांवरून घरात येतो, म्हणून लसी पुऱ्या होईस्तोवर पिल्लाला रस्त्यावर सोडायचं नाही. पण घरात डांबूनही चालत नाही. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जे पाहिलं-ऐकलं त्याची भीती पुढं कमी वाटते. आम्ही बंड्याला कडेवर घेऊन फिरायचो. रिक्षा, कुकरची शिट्टी, ढोल, काठीवाले आजोबा, सगळं दाखवलं. लोक हसले, हसू द्या.

आणि एक लक्षात ठेवा: पिल्लू दोन वेळा जेवलं नाही, उलट्या झाल्या, शीत रक्त दिसलं किंवा ते मलूल पडलं, तर उद्यावर ढकलू नका. मोठ्या कुत्र्याला एक दिवस थांबता येतं, पिल्लाला नाही.

तुमच्या ओळखीत कुणाकडं नवं पिल्लू आलं असेल तर जरूर बघायला जा. चपला दाराबाहेर काढा, हात धुवा, आणि खाऊ न्यायचाच असेल तर घरातल्या माणसांसाठी न्या. हंगाम असेल तर द्राक्षंसुद्धा चालतील, फक्त ती फ्रिजमध्ये जाईपर्यंत हातातून सोडू नका.